मधोमध बसलेला केक आणि झालर पडलेला रुमाल: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये ‘माझ्या हाताला गुणच नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे. ते आम्हाला मुळीच मान्य नाही. केक बसतो, क्रीम वितळतं, रेझिन (फुलं जपायला ओततात तो घट्ट होणारा पारदर्शक द्रव) चिकट राहतं, त्याला प्रत्येक वेळी शोधून काढता येईल असं कारण असतं. बहुतेकदा ते मापात, उष्णतेत किंवा हवेतल्या दमटपणात सापडतं.

ताई, दह्याचा बिनअंड्याचा केक ओटीजीमध्ये छान फुगतो, पण बाहेर काढला की मधोमध खड्डा पडतो. वरून मात्र पंचविसाव्या मिनिटालाच काळपट होतो. जास्त फुगावा म्हणून मी एक चमचा सोडा घालते. मिश्रण तयार झालं की ओव्हन लावते. — नोकरी करणारी वाचक, नाशिक

तुमच्या पत्रातच दोन्ही कारणं आहेत. सोडा आणि दह्यातलं आम्ल ओलं होऊन भेटलं की लगेच वायू सुटायला लागतो. ओव्हन तापेपर्यंत मिश्रण दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर राहिलं, तर तो वायू निम्माअधिक उडून जातो. आधी ओव्हन लावायचा, टिनला तेल लावून तळाशी बटर पेपर घालायचा, आणि मगच दह्यात सोडा टाकायचा. दुसरं, जास्त सोड्याने केक जास्त फुगत नाही. बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळून फुटतात, आणि मैदा शिजून घट्ट व्हायच्या आतच छत खाली येतं. शिवाय चवीला साबणासारखा कडवटपणा येतो आणि रंग पिवळट तपकिरी होतो, तो वेगळाच.

७ इंची गोल टिनसाठी हे माप घ्या: मैदा १८० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, ताजं घट्ट दही २४० ग्रॅम, बिनवासाचं तेल १०० ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला एक छोटा चमचा. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा. चहाचे चमचे घरागणिक वेगळे असतात आणि सोड्याच्या बाबतीत तो फरक महागात पडतो. मैदा वाटीने मोजू नका. डब्यात मापाची (२४० मिली) वाटी खुपसून भरली तर १५० ग्रॅम बसतो, चमच्याने हलका भरला तर १२०. वजनकाटा ही बेकिंगमधली पहिली खरेदी असावी, नक्षीच्या नोझल त्यानंतर.

दह्याला पाणी सुटलं असेल तर पंधरा मिनिटं फडक्यात टांगा आणि मग वजन करा. दही, साखर, तेल एकजीव करून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घाला, पाच मिनिटांत फेस येईल. मग मैदा दोनदा चाळून दोन-तीन भागांत हलक्या हाताने मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. पुढे घोटत राहिलात तर मैद्याला पोळीच्या कणकेसारखा चिवटपणा येतो आणि केक रबरी होतो, आत उभी भोकं पडतात.

आता वरचा काळपटपणा. लहान ओटीजीमध्ये टिन मधल्या जाळीवर ठेवला की त्याचा माथा वरच्या रॉडला जवळजवळ टेकतो. जाळी खालच्या खाचेत सरकवा, म्हणजे टिनचा माथा ओव्हनच्या मध्यावर येईल. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं लागतील. पंचवीस मिनिटं दार उघडू नका. त्यानंतर वर रंग आला असेल तर फॉइलचा तुकडा अलगद टाका. बऱ्याच ओटीजींचं बटण १८० दाखवतं आणि आत दहा-वीस अंश कमी-जास्त असतात, म्हणून जाळीवर ठेवायचा ओव्हन थर्मामीटर आणा. केकची सुई मधोमधच खुपसा, कडेला नाही. कडा नेहमी आधी होतात. कोरडी निघाली की टिनमध्येच दहा मिनिटं ठेवा, मग जाळीवर उलटा करा.

आठवडाभर सकाळी साडेसातला घर सोडते, रात्री आठला परत येते. रविवारी केक करायला घेतला की सगळा दिवस त्यातच जातो. काय आधी करून ठेवता येईल? — वाचक, पनवेल

स्पंज शुक्रवारी रात्री करा. पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस उत्तम राहतो. दुसऱ्या दिवशीचा स्पंज कापायलाही सोपा जातो, चुरा कमी पडतो. फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतो. स्पंजवर शिंपडायचं साखरेचं पाणीही तेव्हाच उकळून ठेवा: ५० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. शनिवारी झोपण्यापूर्वी फ्रोझन क्रीम फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणा. मग रविवारी क्रीम फेटणं आणि लावणं एवढंच उरतं, ते दीड तासात होतं.

मे महिन्यात क्रीम घट्ट फेटलं जातच नाही. झालंच तर फुलं पाडताना पिशवीतच पातळ होतं. एकदा खूप वेळ फेटलं तर रवाळ झालं. — कॉलेजमध्ये शिकणारी वाचक, डोंबिवली

आधी पाकीट बघ. साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो. फेटून टिकून राहायला ३० टक्क्यांच्या वरचं लागतं, त्यामुळे ते कितीही फेटलंस तरी उभं राहणार नाही. केकवाले वापरतात ते बहुधा वनस्पती तेलाचं, फ्रोझन मिळणारं व्हिपिंग क्रीम. ते फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश सुटू दे. ओट्यावर ठेवून सोडवलं तर बाहेरून कोमट आणि आत बर्फ, असं होतं. फेटायला घेताना त्यात थोडे बर्फाचे कण असलेले चांगले.

भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेव. एका वेळी २०० ते २५० मिलीच घे. पहिलं मिनिट मंद, मग मध्यम वेग. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की केकवर लावायला तयार. फुलांसाठी आणखी थोडं, शेंडा सरळ उभा राहीपर्यंत. इथे प्रत्येक पंधरा सेकंदांनी थांबून बघायचं. रवाळ झालं तर टाकू नकोस: दोन-तीन मोठे चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून स्पॅचुलाने हाताने हलवलंस की बहुतेक वेळा सावरतं.

पिशवीत पातळ होतं ते तुझ्या तळहाताच्या उबेने. पिशवी निम्मीच भर, पकड वरच्या गाठीवर ठेव, उरलेलं क्रीम फ्रीजमध्ये. आधी केकवर पातळ थर देऊन चुरा बसवून घे, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, मग दुसरा थर. पंखा बंद करायची गरज नाही, पण दुपारी दोनला हे काम काढू नकोस.

नानकटाई ताटात पसरून भाकरीसारखी होते. आजीची मात्र गोल, फुगीर, वर भेगा पडलेली असायची. — वाचक, चिपळूण

कोकणात उन्हाळ्यात तूप पातळच असतं, तिथेच गडबड होते. पातळ तुपात साखर फेटली की हवा धरत नाही, आणि गोळे तापले की आधी तूप पळतं, मग पीठ त्याच्यामागे जातं. १०० ग्रॅम साजूक तूप फ्रीजमध्ये ठेवून रवाळ घट्ट करा. त्यात ७५ ग्रॅम पिठीसाखर घालून पांढरं, हलकं होईपर्यंत फेटा. १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची घालून नुसतं गोळा करा, मळू नका. गोळे वळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागतात, तेव्हा कच्च्या समजून परत आत घालू नका. ट्रेवरच गार झाल्या की खुसखुशीत होतात. पावसाळ्यात डब्यात सादळल्या तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा.

ताईच्या रुखवतासाठी क्रोशाचे गोल रुमाल विणते आहे. पहिला वाटीसारखा खोलगट झाला, दुसऱ्याला झालर पडली. नमुन्यात तर गोल सपाट दिसतो. — वाचक, कोल्हापूर

दोन्ही रुमालांतली चूक एकच आहे, फक्त उलट्या दिशांना. वर्तुळ जसं मोठं होतं तसा त्याचा घेर ठरलेल्या प्रमाणात वाढतो. तेवढेच खांब, म्हणजे विणीचे उभे टाके, वाढले तर रुमाल सपाट बसतो. कमी वाढले तर कडा आवळून वाटी होते, जास्त वाढले तर जादा घेर झालर होऊन उभा राहतो.

खांबाच्या विणीत दर फेरीला १२ खांब वाढवायचे. चार साखळ्यांचं कडं करून त्यात ३ साखळ्या (हा पहिला खांब) आणि ११ खांब, म्हणजे १२. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, झाले २४. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन, झाले ३६. चौथीत एक, एक, दोन, झाले ४८. असंच पुढे. मुक्या खांबाने विणत असाल तर १२ ऐवजी ६, कारण मुका खांब बुटका असतो, फेरीगणिक वर्तुळ कमी रुंदावतं. दर फेरी संपली की मोजा. फेरी जोडताना शेवटची सरकटाक्याची जागा खांब समजून तिच्यातही विणलं जातं आणि नकळत एक-एक वाढत जातो. झालर बहुतेकदा तिथूनच येते. मोजणी बरोबर असूनही वाटी होत असेल तर हात घट्ट आहे. अर्ध्या मिमीने मोठी सुई घ्या.

रुखवतासाठी सुती दोराच घ्या, खळ त्यालाच नीट धरते. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवून अर्धा लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा. कोमट झाल्यावर रुमाल भिजवून पिळा, थर्माकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी गोल ताणून वाळवा. ॲक्रिलिक लोकरीवर मात्र गरम इस्त्री कधीच फिरवू नका. धागा वितळून चपटा होतो आणि तो परत येत नाही.

लग्नातली वरमाला रेझिनमध्ये जपायची म्हणून फुलं दोन दिवस वाळवून ओतलं. आठवड्यात फुलं तपकिरी झाली आणि वरचा भाग अजून चिकट आहे. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जरा जास्त घातलं होतं. — नवविवाहित वाचक, पुणे

वरमाला पुन्हा मिळत नाही, म्हणून हे सविस्तर सांगते. दोन दिवसांत पाकळ्या हाताला कोरड्या वाटतात, पण देठाजवळचा फुगीर भाग ओलाच असतो. तो ओलावा रेझिनमध्ये कोंडला की फूल आतल्या आत कुजतं. फुलं सुटी करून हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत पूर्ण बुडवून ठेवा. गुलाबाला पाच ते सात दिवस, झेंडूला दहापर्यंत. झेंडू शक्यतो पाकळ्या करूनच वाळवावा. देठाजवळ दाबल्यावर कुरकुरीत आवाज आला तरच पुढे जा. रंगाबद्दल आधीच मनाची तयारी ठेवा: लाल गुलाब गडद मरून होतो, निशिगंध पांढरा राहत नाही, पिवळसर होतो.

आता चिकटपणा. हार्डनर म्हणजे सुकवणारं औषध नव्हे. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. जास्त घातलेलं हार्डनर जोडीदाराविना उरतं आणि तेच चिकट लागतं. बाटलीवर २:१ असेल किंवा ३:१, ते वजनाने आहे की आकारमानाने हे वाचा, दोन्ही एक नव्हेत. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतंच. कपाळाला हात लावायची वेळ येते ती बहुधा या दुसऱ्या कपाच्या कंटाळ्यामुळे. साध्या आर्ट रेझिनचा थर एका वेळी सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, पिवळा पडतो, तडकतो.

तुमचा तुकडा वाचेल का? नख रुतत असेल, म्हणजे आतपर्यंत मऊ असेल, तर नाही. फक्त वरचा पापुद्रा चिकट असेल तर पाण्यासोबत सँडपेपरने घासून, पूर्ण वाळवून, बरोबर मापाचा पातळ थर ओता. पावसाळ्यात नुसती तेलकट साय आली असेल तर ती दमट हवेमुळे असते, कोमट पाणी आणि साबणाने निघते. तपकिरी झालेली फुलं मात्र परत येणार नाहीत. माळेतली काही शिल्लक असतील तर ती आधी सिलिकात घाला.

नायट्राइल हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. कातडीला वारंवार लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. स्वयंपाकघरात हे काम करू नका, आणि केकचा वजनकाटा, वाट्या, स्पॅचुला यासाठी अजिबात वापरू नका.

शेजारीपाजारी अर्धा किलोच्या केकची मागणी करतात. किंमत कशी लावू, परवाना लागतो का? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

घरून विकतानाही एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. ती ऑनलाइन करता येते आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. तो खोक्यावर छापा. बिनअंड्याच्या केकवर हिरवं वर्तुळ. अंड्याचा केक आपल्या नियमांत मांसाहारी धरला जातो, त्याच्यावर तपकिरी त्रिकोण.

अर्धा किलो म्हणजे सजवलेल्या केकचं वजन: स्पंज साधारण २५० ग्रॅम, क्रीम २०० आणि उरलेलं साखरेचं पाणी. वर नाशिकच्या वाचकांना दिलेल्या मापात एवढे दोन केक होतात. सामानाचा खर्च ग्रॅमवर काढा. १५०० वॅटचा ओव्हन ५० मिनिटं चालला तर जास्तीत जास्त सव्वा युनिट जातं, ते आपल्या बिलाच्या दराने धरा. खोका, पुठ्ठा, मेणबत्ती, सुरी हे पन्नासेक रुपये सहज खातात आणि हिशेबात नेमके तेच राहून जातात. मग तुमचे तास. तुम्ही एका तासाचे किती धरता हे आधी कागदावर लिहा, मागणी आल्यावर नाही. शेजारच्या काकूंना सवलत द्यायची असेल तर खुशाल द्या, पण पूर्ण किंमत सांगून मग द्या. नाहीतर तीच किंमत मजलाभर पसरते. अंड्याचे आणि बिनअंड्याचे टिन, बीटरची पाती वेगळी ठेवा. ग्राहक विचारणार आहेत.