वीज आल्यावर येणारा जुन्या नोंदींचा लोंढा

दादा, वीज परत आली की दहा-पंधरा मिनिटं पडद्यावर शीतखोलीचं तापमान जुनंच राहतं आणि पुरवठादार म्हणतो सर्व्हर मोठा घ्या, हे तुमचं वाचलं आणि गोव्यात वेर्ण्यातला माझा पावसाळा आठवला. तुमची यंत्रणा मी पाहिलेली नाही, म्हणून माझ्यावर बेतलं तेवढंच सांगतो.

आमच्याकडे औषधांची खोली होती, २ ते ८ अंशांत राखायची. जुलैतल्या एका रात्री वीज दोनदा गेली. पडद्यावर ५.१. ऑपरेटर हातातला थर्मामीटर घेऊन आत गेला, तर ९.४! पडद्यावरचा आकडा तेवीस मिनिटांपूर्वीचा होता.

चूक माझीच. एकही नोंद हरवू नये म्हणून मी कामांची रांग आल्या क्रमाने चालवत होतो आणि वेळेत न झालेलं ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधलं एक काम, पुन्हा रांगेत टाकत होतो. वीज आली तशी सगळ्या सेन्सरांनी साठवलेली रीडिंग एकदम ओतली आणि ताजं रीडिंग त्यांच्या मागे अडकलं. मग ज्या कामाची डेडलाइन, म्हणजे संपायची मुदत, जवळ त्याला आधी, असं केलं. ते आणखी बिघडलं. लिउ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये ही पद्धत एका प्रोसेसरवर सर्वोत्तम ठरवली खरी, पण भार क्षमतेच्या आत असेल तरच. भार वर गेला की ती मरणाऱ्यालाच, म्हणजे डेडलाइन चुकणारच अशा कामालाच, आधी हात देते, आणि त्या नादात मागचेही मरतात.

सपोर्ट ऑफिसने तीन आठवडे घालवले. दर वेळी सरासरी प्रतिसादवेळेचा तक्ता पाठवायचे, सगळा हिरवा. माझं ठाम मत आहे, इथे सरासरीला काडीची किंमत नाही. किती डेडलाइन चुकल्या आणि पडद्यावरचा आकडा किती शिळा, एवढंच मोजा.

आम्ही शेवटी जुनी रीडिंग थेट इतिहासाच्या टेबलात वळवली. डेडलाइन उलटलेलं काम तिथंच सोडलं, रीट्राय बंद. दर पाच सेकंदांनी चुकण्याचं प्रमाण बघायचं. वाढलं की ज्यांच्याकडे कोणी बघत नाही त्या सेन्सरांचे अपडेट विरळ करायचे, तरी भागलं नाही तर नवे रिपोर्ट दारातच थांबवायचे. उतरलं की हळूहळू मोकळं सोडायचं, एकदम सोडलं तर यंत्रणा झोके खाते. अलार्म मात्र कधीच अडवायचा नाही. आणि तपासणीसाठी नोंदी ठेवणं तुम्हाला बंधनकारक असेल, तर इतिहासातलं काहीही टाकून देऊ नका.

जाता जाता, नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे ना बघा. आमचा जनरेटरलाही जोडलेला नव्हता, गणेश चवथीपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि रीडिंगवर वेळ सेन्सर टाकतो की सर्व्हर, ते तपासून इथे लिहा. सर्व्हर टाकत असेल तर शिळं रीडिंगही ताजंच दिसणार, मग वरचं काहीच उपयोगाचं नाही.