आधी त्याचे दात बघा

प्रश्न : माझा मुलगा २८ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षम आहे, चार-पाच शब्दच बोलतो. दोन महिने झाले, जेवायच्या वेळेला ताट भिरकावतो, स्वतःचाच हात चावतो, परवा मला मारलं. पाहुणे म्हणतात झोपेची गोळी द्या नाहीतर बांधून ठेवा. काय करू?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, २८ वर्षं ज्याला भरवलंत त्याच्याच हातचा मार खाल्लात, त्या रात्री तुम्हाला झोप लागली नसणार. पण तुमच्या पत्रातलं 'जेवायच्या वेळेला' मी परत परत वाचलं. दिवसभर नाही, जेवतानाच. म्हणून आधी त्याचे दात बघा. ज्याला 'दाढ दुखते' म्हणता येत नाही तो ताटच फेकणार ना. साताऱ्यात एका घरी मी बघितलंय, पोरगा भाकरीचे काठ सोडून मधलं तेवढं आमटीत कुस्करून एकाच बाजूनं चावायचा, घरच्यांना वाटायचं नखरे करतोय, निघाली किडलेली दाढ. कान आणि पोट साफ होतंय का, तेही सांगलीच्या सिव्हिलला दाखवून घ्या.

दुखणं नाही निघालं तर एक वही करा. आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग घरच्यांनी काय केलं, असे तीन रकाने. तिसऱ्यातच बऱ्याचदा सापडतं, कारण ताट फेकलं की टीव्ही बंद होतो किंवा हातात मोबाईल मिळतो, म्हणजे त्याचं काम झालं. मग त्याच कामासाठी सोपी खूण शिकवा, हात वर केला की 'बास', आणि खूण केली की हातातलं टाकून लगेच ऐका. चिडलेला असताना समजवत बसू नका, कमी बोला, तांब्या-ताट बाजूला घ्या, त्याला जायला वाट ठेवा. आणि बांधायचं तर अजिबात नाही!

गोळीचं म्हणाल तर २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, अशाच मारहाण करणाऱ्या ८६ जणांचा. काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल (दोन्ही मनोविकारावरची औषधं), काहींना नुसती औषध नसलेली गोळी. आक्रमकपणा तिन्हीकडे कमी झाला आणि सगळ्यात जास्त बिनऔषधाच्या गोळीवाल्यांचा. तेव्हा पाहुण्यांच्या सांगण्यावरून काही देऊ नका, पण डॉक्टरांनी दिलेली चालू असेल तर एकदम बंदही करू नका.

एक राहिलं. दोन महिन्यांपूर्वी घरात काय बदललं ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुणाचं लग्न, कुणी गेलं, त्याची जेवायची जागा बदलली? आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मला परत पत्र टाका.