बीएस्सी अ‍ॅग्री करून वकिलातीत शेतमालाच्या निर्यातीचं काम करता येतं का?

येतं, पण सरळ रस्ता नाही. अमेरिकेत कृषी खात्याची स्वतःची परराष्ट्र सेवा आहे, १९५३ पासून. त्यांचे कृषी अधिकारी दिल्लीतही बसतात. आपल्याकडे अशी वेगळी केडर नाही. यूपीएससी देऊन आयएफएसमध्ये (भारतीय परराष्ट्र सेवेत, वनसेवेत नव्हे) जायचं (कृषी हा वैकल्पिक विषय घेता येतो) आणि पुढे कधीतरी वकिलातीच्या वाणिज्य विभागात नेमणूक मिळते. ती कायमची नसते, तीनेक वर्षांनी बदली ठरलेली. रोमच्या वकिलातीत एफएओसाठी (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) कृषीचं पद आहे, पण तिथे बहुधा आधीच सरकारी नोकरीत असलेले अधिकारी जातात.

काम म्हणजे नुसतं प्रदर्शनात हापूस कापून वाटणं नव्हे, हां. अमेरिकेने आपला आंबा १९८९ पासून बंद ठेवला होता, भीती कोयीतल्या भुंग्याची आणि फळमाशीची. वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या, कीड निकामी करायला फळांवर किमान ४०० ग्रे (मात्रेचं एकक) किरणांचा मारा, म्हणजे विकिरण, करायची अट ठरली, लासलगावचं कांद्यासाठी उभारलेलं केंद्र त्यासाठी तयार केलं, तेव्हा कुठे एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या गेल्या. २०१४ च्या मे महिन्यात युरोपने दार लावलं, पुन्हा तीच धावपळ. म्हणजे निम्मी लढाई किडींची आणि कागदांची.

निर्यातीचीच आवड असेल तर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था) भरतीवरही लक्ष ठेवा. मला विचाराल तर आधी वाशीच्या पॅकहाउसमध्ये एक आंब्याचा हंगाम काढा.