साताऱ्यात जून ते सप्टेंबर कॅम्परव्हॅन बंद ठेवून परगावी जायचे आहे. कोणती तयारी करावी?

गाडीतील पाणी पूर्ण काढून टाकले, बॅटरी सोडवली आणि आत हवा खेळती ठेवली, तर साताऱ्याच्या पावसाळ्यातही ती चार महिने निर्धास्तपणे बंद ठेवता येते. अशा वाहनांच्या देखभालीचे काम मी येथेच करतो. आपल्याकडे खरे नुकसान होते ते दमट हवेने आणि उंदरांनी. म्हणून स्वच्छ पाण्याची व सांडपाण्याची टाकी, पंप आणि नळ्या रिकाम्या कराव्यात, फ्रीज पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे आणि गाद्या उभ्या कराव्यात, कारण गादी व फळी यांच्यामध्ये ओल कोंडते आणि पहिली बुरशी तेथेच धरते. धान्याचा एक दाणाही आत राहू देऊ नये. गॅस सिलिंडर बाहेर काढावा. डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत बाष्पाचे पाणी होत नाही. हँडब्रेक ओढून ठेवल्यास ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत. शक्यतो छपराखालीच उभी करावी, कारण घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची ताडपत्री ओल आतच धरून ठेवते.

मात्र बॅटरीचा प्रकार आधी पाहावा: लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवावी, लिथियम मात्र साधारण निम्म्या चार्जवर ठेवावी.