थोरली नुसती समजूतदार नको

तुझ्या दोन बहिणींच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. धाकटी झकास उतरलीय. थोरली मात्र नुसती समजूतदार. अशा मुलीच्या प्रेमात कोण पडणार, आणि का? तिला एखादी खोड दे, एखादी चोरटी इच्छा दे. ती धाकटीपासून काय लपवते हे आधी ठरव, प्रेमप्रसंग त्यातूनच निघतील.

दोघींना एकच मुलगा आवडण्याचा घाट घालू नकोस. मी एकदा घातला होता, दोनशे पानं फुकट गेली. त्यापेक्षा थोरलीचं जमत असताना धाकटीला एकटं पडू दे. एका खोलीत वाढलेल्या बहिणींच्या मध्ये पहिल्यांदा परका माणूस येतो, खरी कादंबरी तिथेच आहे. आणि तू तो क्षण दोन ओळींत उरकलास!

इंदूर नुसतं सजावटीला नको. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की मगच खाण्याचे ठेले लागतात, म्हणजे थोरलीला रात्री घराबाहेर पडायला सबब हवी. गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, हिवाळ्यातला, तुझ्या प्रकरणात मे महिना आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यापाशी येते तेव्हा रंगात चेहरे ओळखू येत नाहीत. चुकून भलत्याचा हात धरायला याहून चांगली जागा कुठली?

संवाद पुण्याचे वाटतात. आपल्याकडे इंदुरात आई मराठीत रागावते अन् मुली आपसांत हिंदीत कुजबुजतात, तसंच येऊ दे. आणि हो, आजीला शेवटी मारू नकोस, उगाच.