जुन्या घरातली बंगई नव्या फ्लॅटच्या बैठकीत कशी बसवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागात नवा दोन बीएचके फ्लॅट, बैठकीची खोली ११ बाय १६ फूट. उमरेडचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागवानी बंगई म्हणजे झोपाळा, एक मोठी लाकडी पेटी, पितळेचं घंगाळ आणि पाण्याचा गुंड, शिवाय आजेसासूबाईंचं करवती काठाचं टसरचं लुगडं एवढं तुमच्याकडे आलं. मिस्टरांना खोली साधी, मोकळी, आजच्या पद्धतीची हवी. सासूबाईंना यातली एकही वस्तू माळ्यावर गेलेली चालणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात फॉल्स सीलिंगचं काम सुरू होतंय.

तर आधी त्या सीलिंगवाल्याला फोन करून थांबवा. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

बंगईचे हुक फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डाला धरत नाहीत, ते वरच्या बीमला किंवा स्लॅबलाच हवेत. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड सागवानी फळी एकटीच बावीस-तेवीस किलो भरते. त्यात पितळी कड्यांचं वजन, वर बसलेली दोन-तीन माणसं, आणि झोका घेताना येणारा जास्तीचा ताण. बीम सापडला तर उत्तम. नसेल तर स्लॅबमध्ये केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्के केलेले बोल्ट, लावतात, पण सळ्या कुठून गेल्यात आणि स्लॅब साधा आहे की पोस्ट-टेन्शनचा, हे बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात, तिथे अंदाजाने भोक पाडणं धोक्याचं आहे. हुक बसले, त्यांवर वजन टांगून एक-दोन दिवस पाहिलं, की मग सीलिंग.

जागेचं म्हणाल तर तुमच्या मापात बंगई व्यवस्थित बसते. ती बाल्कनीच्या टोकाला लावा, झोका खोलीच्या लांबीच्या दिशेने. फळी दोन फूट, पुढेमागे अडीच-अडीच फूट मोकळे, म्हणजे सोळातले सात फूट तिचे. उरलेल्या नऊ फुटांत बाकीची बैठक आरामात होते. पाच फुटांची फळी अकरा फुटांच्या रुंदीत मध्यावर आली की दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट उरतात, बाल्कनीत जायला-यायला वाट राहते. पंखा बंगईच्या डोक्यावर येऊ देऊ नका, तो बैठकीच्या बाजूला सरकवा. इंजिनिअरने नाहीच म्हटलं तर स्टँडच्या फंदात पडू नका. लोखंडी चौकट अर्धी खोली खाते. त्यापेक्षा त्याच फळीला दोन जाड पाय देऊन भिंतीलगत सोळा-सतरा इंच उंचीचा बाक करा. कड्या जपून ठेवा, पुढच्या घरात लागतील.

आता मूळ मुद्दा. मिस्टर आणि सासूबाई दोन वेगळ्या गोष्टी मागतायत असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. मी नागपुरात घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते, आणि हा वाद जवळपास प्रत्येक घरात ऐकते. आपल्याकडची जुनी बैठक आठवा, ओसरी म्हणा की छपरी. त्यात होतं काय? एक बंगई, एक सतरंजी, गादी-लोड, भिंतीत कोनाडा, खुंटीवर टोपी. भिंती चुन्याच्या, जमीन उघडी. इतकी रिकामी खोली आजचा कुठलाही डिझायनर देत नाही! सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहून या, नागपूरहून पाऊण-एकशे किलोमीटर. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्या कुटीत मातीची भिंत, बांबू, चटई, बुटकं लिहायचं मेज, आणि भिंतीवर मातीतच उठवलेली चित्रं. बस. मिस्टरांनाही न्या. त्यांच्या मनातली मोकळी खोली त्यांना तिथे दिसेल, आणि सासूबाईंना त्यांच्या लहानपणची.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो, की जुनी वस्तू खोलीत आली तर ती कामाला यावी. बंगईवर रोज कोणी बसणार असेल तर ती हवीच. पेटीत रजया राहणार असतील तर पेटी हवीच. नुसतं बघायला मांडलेलं पितळ मात्र दोन महिन्यांत धूळ धरतं, आणि पुसणाऱ्या बाईला त्याचा राग येऊ लागतो. दुसरं म्हणजे नव्याने बनवलेलं जुनं घेऊ नका. सीएनसी मशीनने कापलेली जाळी आणि तिच्यामागे निळा लाईट, पीव्हीसीचे नक्षीदार खांब, एमडीएफची महिरप... नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे सागवानी खांब घर पेलत होते म्हणून ते तसे होते. तुमच्याकडे खरं लाकूड आहे, त्याच्या शेजारी हे उभं केलं की दोन्ही खोटं वाटायला लागतं. उलट टीव्हीचं युनिट अगदी सपाट, बिनहँडलचं, भिंतीच्याच रंगाचं करा. नव्याने नवंच दिसावं.

भिंती पांढऱ्या ठेवा, पण निळसर झाक असलेला पांढरा नको, चुन्यासारखा किंचित पिवळट घ्या. एकाही भिंतीला वॉलपेपर नको. आणि सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पाडायचा असेल तर दिवे बदला. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी असतात, त्यांच्या उजेडात सागवान राखेसारखं दिसतं आणि पितळ फिकट. २७०० ते ३००० केल्विनचे घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. छतात डझनभर गोल दिवे खुपसण्यापेक्षा दोन-तीन कोपऱ्यांत खालच्या उंचीवर उजेड ठेवा. वाचायला बंगईजवळ एक वेगळा.

लाकडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चांगल्या वस्तू इथेच बिघडतात. तुम्ही लिहिलंय की पेटीवर हिरवा ऑइल पेंट आहे आणि सुतार तो घासून काढणार आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) कडक मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीचे रंग कसेही असत. त्यामुळे कोरडं सँडिंग, विशेषतः मशीनने, घरात अजिबात नको. पेंट रिमूव्हर लावून पत्रीने ओला-ओला खरवडायचा, मास्क लावून, घराबाहेर, आणि पोरांना लांब ठेवून. खरवड गोळा करून पिशवीत बांधायची, अंगणात झटकायची नाही.

रंग निघाला की लाकूड नीट पाहा. सागाचा गाभा तपकिरी, तेलकट असतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचा फिक्या रंगाचा भाग म्हणजे बाहेरचं कच्चं लाकूड, किडे तिथे शिरतात. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे असं समजा, आधी औषध भरून घ्या, मगच वस्तू घरात आणा. पॉलिशला सुतार मेलामाइन किंवा पीयू सुचवेल, चकचकीत. ते नको म्हणा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत दमट, लाकूड त्याप्रमाणे आकसतं-फुगतं, आणि वरचा काचेसारखा थर सांध्यांवर तडकतो. जवसाचं उकळलेलं तेल पातळ हाताने, दोन-तीन वेळा, मध्ये वाळू देऊन, आणि शेवटी मेणाचं पॉलिश. लाकडाची रेघ न् रेघ दिसते, आणि पुढे ओरखडा आला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येतं. एक सावधगिरी: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

लाकूड असं आकसतं-फुगतं म्हणूनच कूलरची जागाही फर्निचरआधी ठरवा. डिझाईनच्या चित्रांत कूलर कधीच नसतो, पण पारा पंचेचाळीसला गेला की तो लागतोच. कूलरच्या झोतासमोर बंगई किंवा पेटी आली तर उन्हाळाभर दमट वारा आणि कूलर बंद झाला की कोरडी हवा, सांधे उघडतात. पितळही त्या ओलाव्यात लवकर काळं पडतं. झोत बसणाऱ्या माणसांवर यावा, वस्तूंवर नको.

सोफ्याचं विचारलंत. रेक्झिनचा घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो आणि काही वर्षांत त्याची सालपटं निघायला लागतात. त्याऐवजी साधा, सरळ रेषांचा सहा फुटी दिवाण करा, त्यावर कापसाची गादी आणि दोन लोड. कापसाच्या मुलखात राहून आपण फोमवर बसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा नवी. फक्त सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून गादी दबल्यावर उंची सतरा-अठरा इंच राहील असा दिवाण बांधा. खाली सतरंजीची बैठक हवी तर ती घडी घालून ठेवता येईल अशी, पाहुणे जास्त आले की पसरायची.

लुगडं कापून पडदे शिवायचा विचार सोडा. टसरला ऊन सोसत नाही, पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळ्यांत धागा कुजेल. हे करवती काठाचं कापड विदर्भाचं स्वतःचं आहे, भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावच्या मागांवर विणलं जाणारं. तुमचं मूळ लुगडं जर धड असेल तर त्याला कात्री लावू नका, नेसा. विरलं असेल तर तेवढा काठ वाचवून लोडांच्या अभ्र्यांना लावा, किंवा एक हातभर तुकडा काचेत बसवून घ्या. पडद्यांना जाड खादी, आत अस्तर घालून.

पितळात घंगाळ ठेवा बैठकीत, गुंड स्वयंपाकघरात पाण्याला. घंगाळात झाड लावायचं असेल तर माती थेट भरू नका, कुंडी आत ठेवा, म्हणजे तळ सडत नाही. रोज आरशासारखं लख्ख करायची गरज नाही, महिन्याकाठी चिंच-मिठाने घासलं की पुरे.

भिंतीवर वारली चित्रं लावायची म्हणताय. वारली सुंदरच, पण ती पालघर-डहाणूकडची. नागपूर तर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं शहर. आणि गोंड चित्रकला आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढला घरोघरी होते. जनगढ सिंह श्याम त्याच गावचे, त्यांनी भिंतीवरची ही कला कागदावर-कॅनव्हासवर आणली. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यांत कलाकार स्वतः येतात तेव्हा त्यांच्याकडूनच एक मोठं चित्र घ्या, खाली सही असलेलं. छापील पाच चित्रांपेक्षा हातचं एक. मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर ते एकटंच टांगा, उन्हापासून दूर.

तुम्ही पाठवलेल्या थ्रीडी चित्रात दारातल्या चपलांच्या कपाटावर बुद्धाचा मुखवटा दाखवलाय. तो काढा. दीक्षाभूमीच्या शहरात हजारो घरांत बुद्धमूर्तीसमोर रोज वंदना होते. तुमच्या घरी ती श्रद्धेने येणार असेल तर उंचावर, स्वच्छ जागी मांडा. नुसती शोभा म्हणून, तीही चपलांवर, नको. घरी येणाऱ्या माणसाला ते लागू शकतं.

राहिली पेटी. ती भिंतीला लावून तिच्यावर टीव्ही ठेवायचं सुताराने सुचवलंय, म्हणजे झाकण कायमचं बंद. तसं करू नका. दिवाणासमोर सेंटर टेबल म्हणून ठेवा, उंची सोळा इंचांच्या आसपास असेल तर बरोबर बसते. वर सुटी काच टाकू नका, झाकण उघडताना दरवेळी दोघांना उचलावी लागते. चहाचा ट्रे ठेवला की काम भागतं. खाली चार फेल्टचे तुकडे लावा, नाहीतर टाइल्सवर ओरखडे येतील. कडी-कोयंडा मूळचाच ठेवा, खिळे गंजले असतील तर तेवढेच बदला. आणि सीलिंगवाल्याला फोन आजच करा, इंजिनिअरने हुकांची जागा सांगितली की इथेच लिहा, मी पंख्याची आणि दिव्यांची जागा मापासकट काढून देते.