आय-नाईन घ्यावा की वीज वाचवणारा रायझन? निपाणीच्या व्हिडिओ एडिटरला उत्तर

निपाणीहून एका वाचकाने लिहिलं आहे. लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा धंदा, सीझनला पस्तीसेक लग्नं. शिवाय संकेश्वर आणि गडहिंग्लजच्या दोन-तीन स्टुडिओंचं एडिटिंगही त्यांच्याकडे येतं. सध्याचं मशीन आय-सेव्हन ८७०० चं, सोबत जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड, एडिटिंगचं सॉफ्टवेअर एडियस. मागच्या वर्षी नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून टाइमलाइन (क्लिप जोडायची पट्टी) अडखळते. बेळगावच्या दुकानदाराने इंटेलचा कोअर आय-नाईन १४९००के, आरटीएक्स ५०६० टी-आय आणि पाण्याने थंड होणारा कूलर असं २,४०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. कोल्हापूरचे दाजी म्हणतात, "रायझन ९ ७९०० घे, आरटीएक्स ४०६० लाव, १,९०,००० मध्ये होतंय. वीज तिपटीने कमी खातो, फरक बिलातच भरून निघेल." भाच्याचं मत मॅक मिनी. पैसे गावातल्या सौहार्द पतसंस्थेतून, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. आणि शेवटचा प्रश्न: "दुकानाच्या मीटरचं बिल बघता वीज वाचवणारा प्रोसेसर घेणं ही गुंतवणूक म्हणता येईल का?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

दाजींचे आकडे चुकीचे नाहीत. १४९००के पूर्ण जोराने चालला की कंपनीच्याच मर्यादेनुसार २५३ वॅट घेतो. एएमडीच्या रायझन ९ ७९०० ची मर्यादा ८८ वॅट. फरक १६५ वॅटचा, म्हणजे दोन सिलिंग फॅन. पण वॅट हा विजेचा वेग आहे, बिल येतं युनिटवर. आय-नाईनला २४ गाभे (कोअर), रायझनला १२. तेच रेंडर (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) रायझन दीडपट वेळात करेल असं धरू. तुम्ही वर्षाला १२० दिवस, रोज पाच तास रेंडर लावता असं पत्रात आहे. आय-नाईनचे ६०० तास म्हणजे साधारण १५२ युनिट. रायझनचे ९०० तास म्हणजे ७९. वाचले ७३. हेस्कॉम या वीज कंपनीच्या व्यापारी मीटरवर सगळे आकार आणि कर धरून युनिटला ९ रुपये पकडतो, तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून खरा आकडा काढा. वर्षाला साधारण ६५० रुपये.

यातूनही थोडे वजा करावे लागतात. रायझनचे हे मोठे डेस्कटॉप प्रोसेसर दोन-तीन तुकडे जोडून बनवलेले असतात आणि त्या तुकड्यांना आपसात बोलत ठेवायला वीज लागते, मशीन नुसतं बसलेलं असलं तरी. तुम्ही क्लिप निवडता, गाण्यावर कट लावता, ग्राहकाशी फोनवर बोलता, त्या वेळेत इंटेल दहा-पंधरा वॅट कमीच घेतो. दिवसातले जास्त तास तसेच जातात. वर्षाला २,००० तास आणि १५ वॅट धरले तर ३० युनिट परत गेले. हातात उरले ४३ युनिट, म्हणजे चारशे रुपयांच्या आतबाहेर. तेही रेंडरचं सगळं ओझं प्रोसेसरवरच पडतं असं धरून. ग्राफिक्स कार्डाने एक्सपोर्ट केला तर तेवढेही नाहीत.

आता हे चारशे रुपये कर्जाशेजारी ठेवून बघा. २,४०,००० वर १४ टक्के, ३६ महिने, घटत्या शिलकीवर: हप्ता ८,२०० च्या आसपास, एकूण व्याज ५५,००० रुपये. आणि सौहार्दच्या अर्जावर 'घटत्या शिलकीवर' हे शब्द आहेत का ते आधी वाचा. सरसकट मूळ रकमेवर व्याज लावत असतील तर तोच १४ टक्के १,००,८०० रुपये खातो. त्यामुळे विजेच्या कारणासाठी प्रोसेसर निवडणं ही गुंतवणूक नाही. कॉम्प्युटर घरी नेऊन कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेच्या मोफत युनिटांत बसवण्याचा विचारही सोडा, ती सवलत घरगुती वापराला आहे, धंद्याला नाही.

मग कमी वॅट निरर्थक का? तसंही नाही. त्याचा पैसा बिलात नसून यूपीएसमध्ये आहे. तुमचा यूपीएस १ केव्हीएचा, ६०० वॅटचा आहे. आय-नाईनचे २५३, त्या कार्डाचे १८०, डिस्क, पंखे, बोर्ड वगैरे ८०, वर एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) वाया जाणारे. साडेपाचशेच्या पुढे गेलं, मॉनिटर जोडला की यूपीएसने हात टेकले. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट जाते आणि नेमकं तेव्हाच रेंडर ऐंशी टक्क्यांवर असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे २,४०,००० च्या कोटेशनमध्ये मोठ्या यूपीएसचे आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्या बॅटरीचे पैसे लिहिलेलेच नाहीत. पत्र्याखालच्या तुमच्या खोलीत मे महिन्यात एवढी उष्णता सोडणारं यंत्र ठेवायचं, तर पुढे एसीचाही विषय निघेल.

वेगाचंही थोडं सांगतो, कारण "२४ गाभे" ऐकून माणूस भुलतो. प्रोसेसरचा घड्याळवेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटचा थोडासा वेग म्हणून फार महाग पडतो. तवंदी घाट पन्नासने चढणारी गाडी आणि ऐंशीने चढणारी गाडी, पेट्रोलचा फरक आपल्याला माहीत आहे. हाच १४९००के बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) १२५ वॅटवर बांधून ठेवला तरी साधारण चार-पंचमांश काम करतो. उरलेल्या पाचव्या हिश्शासाठी दुप्पट वीज जाते. बाजारातल्या तुलनांमध्ये प्रोसेसर मोकळा सोडून मोजतात, म्हणून तक्त्यात तो सगळ्यांच्या वर दिसतो. शिवाय इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेज जास्त जाऊन ते अस्थिर होण्याची तक्रार २०२४ मध्ये गाजली. कंपनीने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली हे खरं, पण कर्ज काढून घ्यायच्या वस्तूत मला ही कटकट नको वाटते.

मुळात तुमचं दुखणं गाभ्यांचं आहे का? पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "कॅमेरा बदलल्यापासून अडखळतंय." मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त कॅमेरा नवा. कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार), एच-२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) रेकॉर्ड करतोय असं तुम्हीच कळवलंय. माझ्या मते गाठ इथे आहे. तुमचा ८७०० हा २०१७ चा. त्याच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ चा एच-२६५ उलगडता येत नाही, जीटीएक्स १६६० लाही नाही. मग सगळं ओझं बिचाऱ्या सहा गाभ्यांवर. इंटेलने ही सोय डेस्कटॉपवर ११ व्या पिढीपासून दिली. एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत. दाजींच्या कोटेशनमधल्या ४०६० मध्ये ती नाही, रायझनच्या आतल्या छोट्या ग्राफिक्समध्येही नाही. म्हणजे १,९०,००० घालूनही टाइमलाइन नव्या गाभ्यांच्या ताकदीवरच ओढायची, आणि जे वॅट वाचवायला निघालात तेच तिथे जाळायचे. दाजींना राग येईल, पण त्यांचं मशीन आल्बमच्या फोटोशॉपला उत्तम आहे, तुमच्या कामाला नाही.

भाच्याच्या मॅक मिनीबद्दल मला मनापासून आदर आहे. एम-४ वाला मिनी रिकामा असताना ४ वॅट आणि जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो असं ॲपलच सांगते. ४:२:२ तो सहज उलगडतो, आणि २०२४ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ५९,९०० पासून सुरू होत होती. वीज आणि काम यांच्या गुणोत्तरात इथल्या दोन्ही कोटेशनपेक्षा तो पुढे आहे. पण एडियस फक्त विंडोजवर चालतं. तुमची कन्नड-मराठी टायटलं, हळदीपासून पाठवणीपर्यंतची तयार प्रोजेक्टं, तुमच्या पोराचा बसलेला हात, सगळं एडियसमध्ये. ऐन सीझनमध्ये सॉफ्टवेअर बदलण्याची किंमत कोणत्याच कोटेशनमध्ये येत नाही. रॅमही नंतर वाढवता येत नाही. तुम्ही पंचविशीत असता आणि धंदा आज सुरू करत असता तर मी भाच्याच्या बाजूने बोललो असतो.

तर माझं म्हणणं असं. या महिन्यात काहीच घेऊ नका. आषाढ लागलाय, कार्तिकात तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नाहीत. हातात चार महिने आहेत. बाहेरच्या स्टुडिओंचं जे काम येतंय ते एडियसच्या प्रॉक्सी मोडवर करून बघा. हलकी प्रत बनवायला रात्रभर लागेल, लागू दे, रात्रीच्या मशीनला कोणी पगार देत नाही. साध्या विधींचं शूटिंग कॅमेऱ्यात ४:२:० वर (रंगाची माहिती कमी) ठेवूनही बघा. रंगावर फार काम करायचं नसेल तर पाहुण्यांना फरक दिसत नाही.

मग कार्तिकाच्या तोंडावर घ्यायचं ते मधल्या फळीतलं. कोअर अल्ट्रा ५ २४५के बघा: १४ गाभे, जास्तीत जास्त १५९ वॅट, आत ग्राफिक्स, ४:२:२ च्या एच-२६५ ला हात देणारं इंजिन. एडियस इंटेलच्या क्विक सिंकचा, म्हणजे याच आतल्या इंजिनाचा, वापर पूर्वीपासून करतं, त्यामुळे जोडी जमते. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर दुकानदार स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं. जुनं १६६० तसंच लावा आणि बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायला सांगा, नाहीतर कार्ड लागल्यावर ते झोपून राहील. कॅमेऱ्यात एच-२६५ च ठेवा. एच-२६४ च्या ४:२:२ ला हे इंजिन मदत करत नाही. तुमच्या यूपीएसवर हे सगळं मॉनिटरसकट साडेचारशे वॅटच्या आत बसतं.

या बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसेलच असं नाही, एएमडीचा एएम-५ बोर्ड त्या बाबतीत चांगला आहे, हे मान्य. पण तुमचं सध्याचं मशीन इतकी वर्षं तुम्ही उघडलंसुद्धा नाही. जो माणूस प्रोसेसर बदलत नाही त्याने बदलण्याच्या सोयीचे पैसे कशाला भरायचे? मीही एकदा ऑफिससाठी "पुढे वाढवता येईल" म्हणून मोठ्ठं मशीन घेतलं होतं. सात वर्षं त्यावर एक्सेल चाललं, चार रिकाम्या रॅमच्या खाचांत धूळ साठली.

बजेट एक लाख. मॉनिटर, कॅबिनेट, कार्ड जुनंच. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून ६४ जीबीचा हट्ट नको. ३२ वर भागवा, चार खाचांचा बोर्ड घ्या. (हो, मीच वर धुळीचं बोललो. पण तुमच्या खाचा भरतील, व्हिडिओला रॅम लागते.)

पैसे कुठून? बँकेत १,८०,००० आहेत असं लिहिलंय. घर, दुकानभाडं आणि पोराचा पगार मिळून महिन्याला ४०,००० जातात. पावसाळ्यात आवक नसते, तेव्हा तीन महिन्यांचे १,२०,००० हलवायचे नाहीत. उरले ६०,०००. बाहेरच्या एडिटिंगमधून महिन्याला १०,००० बाजूला टाकले तर चार महिन्यांत ४०,००० होतात. झाले एक लाख, सौहार्दची पायरी न चढता. हे बाजूला टाकलेले पैसे बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात ठेवा. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना असतो, सौहार्द पतसंस्थेला तो लागू नाही.

आणि सीमेवरची एक खास गोष्ट. खरेदी कोल्हापुरात केलीत तर बिलावर तुमचा निपाणीचा जीएसटी क्रमांक आणि पत्ता टाकायला लावा, आणि कर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) म्हणून दाखवायला सांगा. दुकानदाराने सवयीने सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावला, तर कर्नाटकातल्या नोंदणीवर तुम्हाला त्याची वजावट मिळत नाही. १,९०,००० च्या बिलात तो कर २९,००० होता. दाजींच्या मशीनने वर्षाला वाचणाऱ्या चारशे रुपयांच्या विजेची ही सत्तर वर्षं झाली. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. पण तुम्ही अंदाजित नफ्यावर रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही. दुकानदार "टॅक्समध्ये सगळं सुटतंय" म्हणेल, त्याला तुमचं रिटर्न माहीत नाही.

घेण्याआधी एकच करा. मागच्या एखाद्या लग्नाचं कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग पेनड्राइव्हवर घेऊन बेळगावला जा आणि दुकानातल्या मशीनवर तुमच्याच क्लिप टाइमलाइनवर ओढून बघा. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर हजाराच्या आत मिळतो, तोही सोबत न्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.